नऊ गटांची नऊ पोस्टरं सारखीच का झाली?

वाचकाचं पत्र

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवते. पट ३४. दोन लॅपटॉप चालू आहेत, एक विंडोज १० चा आणि एक जुना विंडोज ७ चा. प्रोजेक्टर आहे. इंटरनेट म्हणाल तर माझ्या फोनचं हॉटस्पॉट. ‘आमचं गाव’ या प्रकल्पासाठी मुलांकडून एका मोफत ऑनलाइन साधनावर पोस्टरं करून घेतली. मुलं रमली, पण पोस्टरं पाहून मीच खट्टू झाले. नऊ गटांची नऊ पोस्टरं जवळपास एकसारखी, आणि चित्रांत पवनचक्की नि बर्फाची शिखरं. दोन तासिका लॉगिन करण्यात आणि अक्षरांचे रंग निवडण्यातच गेल्या. चांगल्या मोफत साधनांची यादी द्याल का? दिवाळीच्या सुट्टीआधी पालकसभा आहे, तिथे दाखवता येईल असं काही हवं. माझ्या हातात सहा-सात तासिका आहेत.

– एक शिक्षिका

उत्तर

ताई, यादी देत नाही. दोनच साधनं सांगतो आणि त्यांनी काय करायचं ते नीट सांगतो. वीस नावं दिली तर तुमच्या उरलेल्या तासिकाही लॉगिनमध्ये जातील.

आधी पोस्टरं सारखी का झाली ते बघू, कारण यात मुलांची चूक नाही. ते साधन उघडलं की समोर तयार नमुने येतात. मांडणी ठरलेली, चित्राची जागा ठरलेली, मथळा किती मोठा तेही ठरलेलं. मुलांनी ठरवायला उरतं काय? रंग आणि अक्षर. म्हणून त्यांचा वेळ तिथेच गेला. चित्रांच्या पेटीत ‘व्हिलेज’ टाइप केलं की ज्यांनी ती पेटी भरली त्यांचं गाव येतं, तुमचं येत नाही. तेव्हा साधन निवडताना एवढंच पाहा, की ते उघडल्यावर कोरं दिसतं का. कोरं असेल तर मुलांना आपलं काहीतरी आणावंच लागतं.

दुसरं म्हणजे ‘मोफत’ हा शब्द. काही साधनं कंपनीची मर्जी असेपर्यंत मोफत असतात. गूगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा कितीतरी शिक्षक रोज वापरत होते. ३१ डिसेंबर २०२४ ला तो बंद झाला. काही साधनं शिक्षकांना मोफत, पण त्यासाठी शिक्षक असल्याचा पुरावा पाठवून मंजुरीची वाट पाहायची. आणि काही खरोखर मुक्त असतात: एकदा उतरवून घेतली की यंत्रावर राहतात, खातं लागत नाही, इंटरनेट लागत नाही. तुमच्या शाळेसाठी ही तिसरी जातच बरी. त्यातली दोन घ्या. आवाज कापण्या-सुधारण्यासाठी ऑडॅसिटी, आणि चित्र नि आवाज एकत्र जोडण्यासाठी स्क्रॅच, ज्यात सूचनांचे ठोकळे एकाखाली एक लावायचे असतात. स्क्रॅच हे एमआयटीत तयार झालं, २००७ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, आणि मुलांसाठीच बनवलेलं आहे. जिथे चांगलं नेट मिळेल तिथून दोन्हींचे इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर घेऊन या.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. स्क्रॅचची आजची आवृत्ती विंडोज १० किंवा त्यापुढेच बसते, जुन्या लॅपटॉपवर बसणार नाही. त्यावर स्क्रॅचची जुनी आवृत्ती टाकायचा मोह होईल, पण नव्या आवृत्तीच्या फाइली तिच्यात उघडत नाहीत. जुना लॅपटॉप आवाजाच्या कामाला लावा. ऑडॅसिटीची २.४.२ ही आवृत्ती विंडोज ७ वर व्यवस्थित चालते.

प्रकल्प असा: गावाचा बोलता नकाशा. मुलांनी हाताने काढलेला गावाचा नकाशा पडद्यावर, त्यावर नऊ ठिकाणं. आडावर क्लिक केलं की आडाबद्दल कुणीतरी बोलतं. गिरणीवर क्लिक केलं की आधी पट्ट्याची फटफट, मग गिरणीवाल्यांचा आवाज. ३४ मुलांचे नऊ गट म्हणजे चार-चारांचे सात आणि तिघांचे दोन. प्रत्येक गटाला एक ठिकाण. पार, चावडी, आड, पिठाची गिरणी, एसटीचा थांबा, ओढ्यावरचा साकव, लोहाराचा भाता, दूध डेअरी, मारुतीचं देऊळ, असं तुमच्या गावात जे असेल ते.

कागदाचं काम

पहिली तासिका पूर्ण कागदावर. कार्डशीटवर ४० बाय ३० सेंटीमीटरची चौकट आखा. हे माप उगाच नाही. स्क्रॅचचा पडदा ४८० बाय ३६० चा असतो, म्हणजे चारास तीन. लांबट कागदावर नकाशा काढला तर कडेला पांढऱ्या पट्ट्या राहतात किंवा वेशीबाहेरचं देऊळ कापलं जातं.

आणखी एक हिशेब. फोनने काढलेला मोठा फोटो स्क्रॅच लहान करून घेतं, साधारण ९६० बाय ७२० ठिपक्यांपर्यंत (पिक्सेलपर्यंत). तुमचा कागद ४० सेंटीमीटर, म्हणजे एका सेंटीमीटरला २४ ठिपके. अर्ध्या सेंटीमीटरची अक्षरं प्रोजेक्टरवर गिचमिड दिसतील. नावं किमान दीड सेंटीमीटर उंचीची हवीत, काळ्या स्केचपेनने, मुलांच्याच हस्ताक्षरात. ती नंतर संगणकावर टाइप करू नका. हाताची अक्षरंच या नकाशाची शोभा आहेत. पेन्सिलीच्या फिक्या रेषा फोटोत उडतात, म्हणून बाह्यरेषाही गडद करून घ्या.

फोटो खिडकीशेजारी, दिवसाउजेडी काढा. ट्यूबलाइटखाली काढला तर फोटो काढणाऱ्याचीच सावली कागदावर पडते. कागद जमिनीवर सपाट आणि फोन बरोबर वरून; तिरका धरला की चौकटीचा पतंग होतो.

आवाजाचं काम

इथे वेळ घालवा, सगळा जीव यात आहे. गावात पाठवण्याआधी एक तासिका वर्गातच सराव करा. एका मुलाने प्रश्न विचारायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, तिसऱ्याने फोन धरायचा, चौथ्याने टिपायचं.

फोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला. समोर धरला तर ‘प’ आणि ‘फ’ला फुस्स आवाज येतो. हातभर लांब धरला तर माणसापेक्षा खोलीच जास्त ऐकू येते. पंखा बंद, फोन विमान मोडवर. बाहेर वारा असेल तर फोनच्या माइकवर पातळ सुती मोजा चढवा, वाऱ्याची घरघर बरीच कमी होते. आणि बोलणं सुरू होण्याआधी दहा सेकंद सगळ्यांनी गप्प राहायचं, रेकॉर्डिंग चालू ठेवून. त्या दहा सेकंदांचा उपयोग पुढे आहे.

आता प्रश्न. मुलं जाऊन विचारतात, “आजी, हा आड कधी बांधला?” आजी म्हणतात, “लई जुना हाय बाबा.” संपलं. तारखेचा प्रश्न माणसाला गप्प करतो, हाताने केलेल्या कामाचा प्रश्न बोलतं करतो. त्याच आजींना विचारा, “सकाळी पहिली घागर कोण भरायचं?” “रहाटाचा आवाज घरापर्यंत यायचा का?” “उन्हाळ्यात दोर किती वाढवावा लागायचा?” मग बघा. दोर कोण विणायचं, घागर आडात पडली तर गळ घेऊन कुणाला बोलवायचं, सासुरवाशिणी तिथे काय बोलायच्या, सगळं बाहेर येतं. प्रत्येक गटाने पाच प्रश्न लिहायचे आणि ज्यांचं उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा एखादी तारीख असू शकतं ते खोडायचे. बहुतेक गटांचे पाचातले तीन-चार खोडले जातील. खोडू द्या, पुन्हा लिहू द्या. मराठीच्या तासाचं काम इथेच होतं.

एखाद्या आजींना जात्यावरच्या ओव्या येत असतील तर विषय सोडून ते रेकॉर्ड करा. गी पॉइतवां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘परी’ या संकेतस्थळावर त्यातल्या अनेक ओव्या आवाजासकट ऐकता येतात. जाण्याआधी मुलांना दोन-तीन ऐकवा. आजीला काय विचारायचं ते मग सांगावं लागत नाही.

मुलाखत दहा मिनिटांची चालेल, पण नकाशावर ठेवायचा तुकडा ४० सेकंदांचा. पालक उभ्याने ऐकणार आहेत. ४० सेकंदांत एक गोष्ट पूर्ण होते, दोन मिनिटांत लोक पुढच्या ठिकाणावर क्लिक करतात.

ऑडॅसिटीत काय करायचं

पहिली ठेच इथे लागते. फोनची रेकॉर्डिंग बहुधा एमफोरए प्रकारात असते. ती स्क्रॅच घेत नाही, आणि ऑडॅसिटीलाही विंडोजवर एफएफएमपेग नावाची जोड लागते. सोपा उपाय म्हणजे वेव्ह प्रकारात नोंद करणारं रेकॉर्डर अ‍ॅप वापरा. पुष्कळ अ‍ॅपांच्या सेटिंगमध्ये तशी निवड असते. रेकॉर्डिंग आधीच झालं असेल तर व्हीएलसी प्लेअरच्या ‘मीडिया’ मेनूतलं ‘कन्व्हर्ट / सेव्ह’ वापरून एमपीथ्री करा. तेही मोफत, तेही नेटशिवाय.

फाइल उघडल्यावर सुरुवातीच्या शांत दहा सेकंदांतले दोन-तीन सेकंद निवडा. ‘इफेक्ट’मध्ये ‘नॉइज रिडक्शन’, त्यात ‘गेट नॉइज प्रोफाइल’. यंत्राला आता कळलं की गोंगाट म्हणजे कोणता. मग संपूर्ण आवाज निवडून तोच इफेक्ट पुन्हा उघडा, १२ डेसिबल ठेवा आणि ओके करा. मुलांना आकडा वाढवायचा मोह होतो. २४ च्या वर नेलं की आजी पाण्याखालून बोलत असल्यासारखं वाटतं. थोडी घरघर राहिली तर राहू द्या. ऑडॅसिटीच्या नव्या आवृत्त्यांत हाच इफेक्ट ‘नॉइज रिमूव्हल अँड रिपेअर’ या उपमेनूत असतो.

मग कापाकापी. नको तो भाग निवडून डिलीट, चुकलं की कंट्रोल आणि झेड. वाक्याच्या मध्ये कापायचं नाही, श्वासाजवळ कापायचं. तरंगाची रेषा जिथे जवळपास सपाट होते तिथे. सुरुवातीला अर्धा सेकंद शांतता ठेवा, नाहीतर पहिलं अक्षर गिळल्यासारखं होतं. शेवटी ‘नॉर्मलाइज’ करून उणे १ डेसिबल, म्हणजे नऊही आवाज साधारण सारखेच मोठे येतील. गिरणीसारख्या ठिकाणी यंत्राचा आवाज वेगळा नोंदवून दुसऱ्या पट्टीवर (ट्रॅकवर) टाका. तीन सेकंद मोठा, मग माणूस बोलू लागला की हळू.

एक गोष्ट मुलांशी मोकळेपणाने बोला. कापताना माणसाच्या बोलण्याचा अर्थ बदलता कामा नये. “पूर्वी पाणी गोड होतं, पण सगळ्यांना भरू देत नव्हते” यातला दुसरा भाग कापला तर आडाची गोष्टच खोटी होते. असं काही निघालं तर ते कापायचं की ठेवायचं, हे गटाने बोलणाऱ्याला विचारून ठरवायचं. तयार तुकडा त्या माणसाला ऐकवल्याशिवाय नकाशावर चढवायचा नाही.

‘एक्स्पोर्ट’ करताना एमपीथ्री, मोनो, ६४ केबीपीएस. वेव्हमध्ये मिनिटाला सुमारे ५ एमबी लागतात, या एमपीथ्रीत अर्धा एमबीसुद्धा नाही. नऊ तुकडे मिळून सहा मिनिटं. वेव्हमध्ये ३२ एमबीच्या आसपास, एमपीथ्रीत तीनच्या आत. जुन्या लॅपटॉपवर हा फरक जाणवतो.

स्क्रॅचमधली जोडणी

हे काम सगळ्यांत सोपं. खाली उजव्या कोपऱ्यात ‘बॅकड्रॉप’च्या चिन्हावर जाऊन ‘अपलोड’, नकाशाचा फोटो घ्या. पडद्यावर आधीपासून असलेली मांजर पुसून टाका. प्रत्येक ठिकाणासाठी एक स्प्राइट, म्हणजे नकाशावर ठेवायचं वेगळं चित्र: ‘पेंट’मध्ये जाऊन लहान रंगीत ठिपका, किंवा मुलांनी काढलेल्या घागरीचं, घंटेचं चित्र. ठिपका भरीव हवा. नुसतं कडं काढलं तर मधल्या पारदर्शक जागेवर क्लिक लागत नाही, आणि मुलं अर्धा तास ‘बिघडलंय’ म्हणून शोधत बसतात.

मग ‘साउंड्स’ टॅबमध्ये त्या ठिकाणाचा एमपीथ्री चढवा आणि ‘कोड’मध्ये तीन ठोकळे जोडा. वर ‘व्हेन धिस स्प्राइट क्लिक्ड’, त्याखाली ‘स्टॉप ऑल साउंड्स’, त्याखाली ‘स्टार्ट साउंड’ आणि त्यात आपला आवाज. मधला ठोकळा विसरला तर आडावरच्या आजी आणि एसटीचे कंडक्टर एकाच वेळी बोलतात. हे मुद्दाम एकदा होऊ द्या, तो ठोकळा कशासाठी आहे हे मग कुणी विसरत नाही.

काम चालू असताना क्लिक करता करता ठिपका सरकतो आणि चावडी ओढ्यात जाते. यासाठी प्रत्येक स्प्राइटला आणखी दोन ठोकळे: ‘व्हेन ग्रीन फ्लॅग क्लिक्ड’ आणि ‘गो टु एक्स, वाय’. ठिपका योग्य जागी ठेवला की ते आकडे तिथे आपोआप भरलेले दिसतात. पडद्याचा मध्य शून्य-शून्य, डावी-उजवीकडे २४०, वर-खाली १८०. मुलांना आधी अंदाज करू द्या: मारुतीचं देऊळ डावीकडे वर आहे, तर एक्स उणे की अधिक? नववीच्या निर्देशक भूमितीची ओळख इथेच होऊन जाते. पालकांना दाखवताना पूर्ण पडदा करा. त्यात ठिपके ओढले जात नाहीत.

स्क्रॅचचं हे अ‍ॅप आपणहून जतन करत नाही. दर गटानंतर ‘फाइल’मधून ‘सेव्ह’ आणि नव्या नावाने, नकाशा-१, नकाशा-२ असं. वीज गेली तर एकाच गटाचं काम जाईल. कुणाच्या घरी संगणक असेल तर त्या मुलाने आपला एकच स्प्राइट तयार करावा, त्यावर उजवं क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ करावा आणि पेनड्राइव्हवर आणावा. शाळेच्या नकाशात तो ‘अपलोड स्प्राइट’ने आवाज आणि ठोकळ्यांसकट येतो.

तासिकांची वाटणी

नकाशा एक तासिका, प्रश्न आणि सराव एक. रेकॉर्डिंग शनिवारी दुपारी किंवा घरी, कारण आजी शाळेच्या वेळेत मोकळ्या असतीलच असं नाही. लॅपटॉपची वाटणी मात्र काटेकोर हवी. दोन यंत्रांवर दोन गट; कापाकापीला प्रत्येकी १५ मिनिटं, जोडणीला १०. ३५ मिनिटांच्या तासिकेत जुन्या यंत्रावर दोन गटांची कापाकापी, नव्यावर तीन गटांची जोडणी. पहिल्या दिवशी जोडायला काहीच तयार नसेल, म्हणून त्या दिवशी नव्या यंत्रावरही ऑडॅसिटी लावा. असे चार दिवस लागतील. उरलेल्या मुलांनी काय करायचं हे आधी ठरवलं नाही तर सगळी लॅपटॉपभोवती गर्दी करतील. त्यांना मुलाखत शब्दशः उतरवायला द्या, बोलीसकट. ‘व्हता’चं ‘होता’ करायचं नाही. आकारिक मूल्यमापनासाठी लेखी पुरावा हाच, आणि चांगला भक्कम.

संमती

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा भारतात २०२३ मध्ये संमत झाला. त्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक आहे आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची संमती लागते. हा प्रकल्प लॅपटॉपवरच राहणार असला तरी तीन ओळींचं पत्र घ्या: आवाज कशासाठी, कुठे वाजणार, नको म्हटलं तर काढून टाकणार. बोलणाऱ्या मोठ्यांकडूनही घ्या. सही येत नसेल तर रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तोंडी “हो, वापरा” पुरेसं. नकाशावर मुलांची घरं दाखवू नका. समाजमाध्यमांवर टाकायचा आग्रह होईल, तेव्हा हे कागद पुन्हा वाचा.

पालकसभेच्या दिवशी

एचडीएमआय वायर जोडली की लॅपटॉपचा आवाज बंद होऊन प्रोजेक्टरकडे जातो, आणि प्रोजेक्टरचा स्पीकर अगदी क्षीण असतो. ऐनवेळी सगळे घाबरतात. खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आउटपुट पुन्हा लॅपटॉपचं किंवा बाहेरच्या स्पीकरचं करा. आदल्या दिवशी हे तीनदा करून पाहा.

ज्या संगणकावर स्क्रॅच नाही तिथेही नकाशा चालवायचा असेल तर ‘टर्बोवार्प पॅकेजर’ नावाचं मोफत साधन स्क्रॅचच्या फाइलीची एकच एचटीएमएल फाइल करून देतं. ती ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते. त्यासाठी एकदाच पाच मिनिटं हॉटस्पॉट लागेल. ग्रामपंचायतीच्या संगणकावर ही फाइल ठेवता येईल.

पुढच्या सत्रात गोष्टींची पुस्तकं करायची असतील तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर पाहा. तिथल्या मराठी गोष्टी आणि चित्रं, लेखक-चित्रकारांचं नाव दिलं की, खुशाल वापरता येतात. पण हा नकाशा पुरा होईपर्यंत ते उघडू नका.

मूळ, न कापलेली दहा-दहा मिनिटांची रेकॉर्डिंग पुसू नका. ठिकाण, बोलणाऱ्याचं नाव आणि तारीख असं फाइलीला नाव द्या, दोन पेनड्राइव्हवर ठेवा, एक शाळेच्या कपाटात आणि एक मुख्याध्यापकांकडे. आणि प्रत्येक आजी-आजोबांच्या घरच्या फोनवर त्यांची त्यांची पूर्ण फाइल मुलांच्या हातून पोचवा.